सड्यावरचा वारा, नदीतली वाळू

साताऱ्यातून पश्चिमेला डोंगरावर जाणारे दोन रस्ते आहेत. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढला की पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार लागतं. बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरकडे गेलं, की धबधब्याच्या पुढे थोड्याच अंतरावर चाळकेवाडीचं पठार येतं. दोन्ही ठिकाणी पायाखाली तोच जांभा, त्यावर कुठे वीतभर तर कुठे बोटभर माती. पावसाळ्यात जिथे तिथे पाणी, आणि मार्च उलटला की तापलेला तवा. अशा पठाराला इकडे सडा म्हणतात. सडा दिसायला ओसाड असतो, म्हणून महसुली कागदावर तो बहुधा पडीक ठरतो. या दोन सड्यांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पैसा आला. कासवर तो फुलांच्या निमित्ताने आला, चाळकेवाडीवर वाऱ्याच्या. दोन्हीकडच्या पैशाला आपण हिरवी गुंतवणूक म्हणतो, आणि अशी गुंतवणूक आली की त्या मुलखाची प्रकृती आपोआप सुधारते असं धरून चालतो. घाटमाथ्यावरून निघून कोरेगाव-खटावमार्गे येरळेच्या काठाने सांगली जिल्ह्यात उतरलं आणि थेट जतपर्यंत गेलं, तर हा समज तपासून बघता येतो. या वाटेवर जे दिसतं त्यावरून एक गोष्ट मला ठामपणे म्हणावीशी वाटते. ज्या पैशाचा परतावा त्या जागेच्या प्रकृतीवर अवलंबून असतो, तोच पैसा त्या जागेची प्रकृती जपतो. ज्याचा परतावा दुसरीकडूनच येतो, त्याच्या लेखी जागा म्हणजे नुसतं जोतं.

चाळकेवाडीच्या आणि त्याच्या दक्षिणेला पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयावर उभ्या असलेल्या वनकुसवड्याच्या सड्यावर पवनचक्क्या आल्या त्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत. एकट्या वनकुसवड्याची क्षमता अडीचशे मेगावॅटच्या आसपास गेली, आणि काही काळ देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत त्याची गणना होत होती. सह्याद्रीच्या कड्यावर मोसमी वारा मोकळा सुटतो, त्यामुळे जागेची निवड चुकलेली नव्हती. पण भांडवल एवढ्या झपाट्याने का चढलं, याचं उत्तर वाऱ्यापेक्षा आयकराच्या नियमांत अधिक सापडतं. त्या काळी पवनचक्की विकत घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी तिच्या किमतीवर १०० टक्के घसारा दाखवता येत असे. पुढे हे प्रमाण ८० टक्क्यांवर आलं, २०१२ मध्ये सवलत काढली गेली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ती ४० टक्के आहे. म्हणजे ज्याचा मूळ धंदा भलताच होता, त्यालाही कर वाचवण्यासाठी सड्यावर एक मनोरा उभा करणं परवडत होतं. चक्की फिरली तर उत्तमच, पण ती उभी राहिली की निम्मं काम झालेलं असायचं. ही खोट सरकारच्याही ध्यानात आली होती, म्हणून २००९ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेवर युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देणारी योजना आणावी लागली. त्या योजनेने परतावा विजेशी जोडला. जागेशी मात्र तो कधीच जोडला गेला नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जेचा समावेशच नाही, आणि २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांचं वर्गीकरण केलं तेव्हा पवन आणि सौर प्रकल्प ‘पांढऱ्या’ गटात, म्हणजे प्रदूषण जवळपास शून्य मानलेल्या गटात गेले. धूर नाही, सांडपाणी नाही, या अर्थी ते बरोबरच आहे. पण सड्याचं काय होतं, हे विचारायची जबाबदारी त्यामुळे कोणाचीच उरली नाही.

तो प्रश्न शेवटी शास्त्रज्ञांनी विचारला. चाळकेवाडीच्या सड्यावर एक सरडा राहतो. मे महिन्यात, वळीव पडण्याआधी, नर दगडावर चढून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो, आणि त्या करड्या उजाडीत निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग एकदम लखलखतात. २०१६ मध्ये तो स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवला गेला तेव्हा त्याचं नाव ‘सरडा सुपर्बा’ ठेवलं गेलं. वंशाचं नाव थेट आपल्या मराठी शब्दावरून घेतलेलं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी आमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी याच पठारावर चक्क्या असलेली आणि नसलेली जागा शेजारी शेजारी ठेवून अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या फिरतात तिथे तिसा, कापशी यांसारख्या शिकारी पक्ष्यांचं प्रमाण जवळपास चौपटीने कमी आढळलं. शिकारी कमी म्हणून सरडे वाढले. पण गर्दीतले हे सरडे शरीराने खंगलेले होते, त्यांच्या गळ्याचे रंग फिकटले होते, रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं, आणि माणूस अगदी जवळ आला तरी ते पळत नव्हते. आकाशातली पाती फिरली आणि जमिनीवरच्या सरड्याचा स्वभाव बदलला, एवढा लांबचा हा धागा आहे. अभ्यासकांनी पवनचक्कीला चक्क वरचा शिकारी म्हटलं, कारण शिकारी नाहीसा झाल्यावर अन्नसाखळीत जे घडतं तेच इथे दिसत होतं. मेलेले पक्षी मोजून हे कळलं नसतं. पक्षी मरत होते त्याहून अधिक ती जागा टाळत होते, आणि जी गोष्ट येईनाशी होते तिचा पंचनामा कोणी करत नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे, आणि तो वजनदार आहे. एका सरड्यासाठी कोळसा जाळत राहायचं का? हवामान बिघडलं, पावसाचं वेळापत्रक ढळलं, तर कोवळ्या मातीवर जगणारा सडाच आधी उजाड होईल, तेव्हा पवनचक्की ही सड्याचीसुद्धा राखण आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. कोळशाच्या खाणीखाली अख्खं जंगल जातं, तर चाळकेवाडीला मनोऱ्यांच्या अधेमधे अजून सोनकी फुलते. पण या युक्तिवादातून निघतं एवढंच, की पवनऊर्जा हवी. ती कुठल्याही सड्यावर, कशाही रस्त्यांनी, कोणी न मोजता उभी करावी असं त्यातून निघत नाही. कार्बनचा हिशेब जगाचा असतो, एक टन इथे वाचला काय आणि धुळ्यात वाचला काय, सारखंच. सड्याचा हिशेब त्या सड्यापुरता असतो. वायतुऱ्याची इथली जात शास्त्रीय नावातच साताऱ्याचं नाव घेऊन आली आहे. ती सड्यावरच्या पावसाळी डबक्यांत वाढते, आणि त्या डबक्यावर मुरुमाचा रस्ता पडला तर तिला दुसरीकडे हलवून भरपाई होत नाही. दोन वह्या वेगळ्या आहेत आणि एकीतली शिल्लक दुसरीत ओढता येत नाही. रस्ते झाले, सुरक्षारक्षकाच्या नोकऱ्या मिळाल्या, ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या हाती पैसा आला, हा दुसरा आक्षेपही खोटा नाही. पण जमीन विकणाऱ्याला पैसा एकदाच मिळाला, आणि त्यानंतर सड्याचं बरं-वाईट काय होतं याच्याशी त्याचा व्यवहारातला संबंध संपला. कंपनीचा तर तो कधी नव्हताच.

कासवर उलट घडलं. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासचं नाव आलं, आणि ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींचं हे पठार पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी भरून गेलं. वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या यांनी शुल्क लावलं, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली, गावातली पोरं राखणीला उभी केली. इथे उत्पन्न फुलांवर आहे. गेंद, तेरडा, सीतेची आसवं फुलली नाहीत तर तिकीट कोण काढणार? म्हणूनच गावाला फुलांची काळजी वाटते, आणि चूक झाली तर ती लवकर ध्यानात येते. पठाराभोवती तारेचं कुंपण घातलं गेलं, तेव्हा गुरांची वहिवाट मोडली, गवत माजलं आणि फुलं रोडावल्याची तक्रार गावकऱ्यांनी व अभ्यासकांनी लावून धरली. पुढे कुंपण काढलं गेलं. ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. तरीही कासचं उदाहरण निर्मळ नाही. फुलांच्या नावावर रस्त्याकडेला हॉटेलं आणि बंगले उठले, त्यांचा परतावा नजाऱ्यावर आहे, फुलांवर नाही. गर्दी वाढली तरी त्यांचं चालतं. एकाच घाटात दोन तऱ्हेचा पैसा शेजारी शेजारी आहे आणि दोघांच्या जाहिरातीत तेच फूल आहे.

सातारा शहर ओलांडून पूर्वेला निघालं की तासा-दीड तासात मुलूख पालटतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. कोरेगाव तालुक्यातलं वेळू हे गाव २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. ऐन उन्हाळ्यात ४५ दिवस गावाने घाम गाळून डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले. ही गुंतवणूक पैशाची कमी आणि श्रमाची जास्त होती, आणि तिचा परतावा विहिरीच्या पातळीत दिसणार होता. म्हणून चर कुठे खणायचा, किती उताराला, हे लोक भांडून ठरवत. त्याच सुमाराला राज्यभर जलयुक्त शिवार अभियान चाललं. त्यावर ९,६३३ कोटींहून अधिक खर्च झाला, आणि २०२० मध्ये महालेखापालांच्या अहवालाने पाण्याची गरज भागवण्यात व भूजल वाढवण्यात त्याचा परिणाम तोकडा ठरल्याचं नोंदवलं. चर तेच, नाले तेच. पण ठेकेदाराचं बिल खोदलेल्या घनमीटरवर निघतं. पाणी मुरलं की नाही, याने त्यात रुपयाचा फरक पडत नाही.

इथे माझ्याच म्हणण्याला एक मुरड घालावी लागते. गावाचा परतावा विहिरीवर असला तरी विहीर ज्याची त्याची असते आणि खालचं पाणी सगळ्यांचं. चरांनी मुरवलेलं पाणी दुसऱ्या वर्षी चार जणांच्या बोअरने उपसून उसाला दिलं, असं या पट्ट्यात अनेक गावांत झालं आहे. जागेवर अवलंबून असणं पुरत नाही, तर ते अवलंबून असणं सामाईक असावं लागतं आणि त्याला गावाचा नियम असावा लागतो. पाणी फाउंडेशननेही पुढे स्पर्धेचं रूप बदललं, आणि ‘समृद्ध गाव’मध्ये पाण्याचा ताळेबंद व गवताळ कुरणं यांना गुण ठेवले.

हा नियम कसा दिसतो, ते बघायला येरळेच्या काठाने खाली जावं. ही नदी खटाव तालुक्यातून मायणीच्या बाजूने सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वर्षातले बरेच महिने ती वाळूचा रुंद पट्टा असते. खानापूर तालुक्यात तिच्या काठावर बलवडी आणि तांदुळवाडी ही गावं आहेत. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळाने गांजलेले शेतकरी एकत्र आले, त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, भारत पाटणकर तिच्या आघाडीवर होते. नदीतली वाळू लिलावाने ठेकेदाराला जात होती, आणि गावाचं म्हणणं होतं की वाळू म्हणजे नदीची पाण्याची पेटी आहे. ते खरंच होतं. कण जितके जाड, तितक्या त्यांच्यामधल्या पोकळ्या मोठ्या. पुराचं पाणी त्यांत मुरतं, उन्हाला सापडत नाही, आणि काठच्या विहिरींना झिरपत राहतं. वाळू उपसली की पाणी उघडं पडतं आणि वाहून तरी जातं, नाही तर वाफ तरी होतं. गावकऱ्यांनी मागितलं ते एवढंच, की ठेकेदाराचा उपसा थांबवा, आणि नदीला झेपेल एवढी थोडी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आम्ही बंधारा बांधतो. मोठ्या झगड्यानंतर ते मान्य झालं. अभियंता के. आर. दाते यांची मदत मिळाली, शहरांतून लोकांनी हातभार लावला, श्रमदान झालं, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. पाणी जमिनीच्या एकरावर वाटायचं नाही, कुटुंबामागे समान वाटायचं, हे तत्त्व आधी ठरलं आणि भिंत मागाहून आली. हरित भांडवल हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण नदीनेच दिलेला पैसा नदीतच गुंतवायचा आणि त्याचं फळ सगळ्यांना सारखं, याहून नेटका आराखडा अलीकडच्या एखाद्या रोख्याच्या माहितीपत्रकात मला तरी आढळलेला नाही.

येरळेच्या खोऱ्यातच देवराष्ट्रे आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आणि त्याला लागून सागरेश्वरचं अभयारण्य. हे डोंगर एके काळी बोडके होते. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते या स्वातंत्र्यसैनिकाने ध्यास घेतला, लोक आणि वनखातं सोबतीला आलं, आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटरचं हे माणसाने उभं केलेलं अभयारण्य घोषित झालं. अलीकडे केंद्राच्या हरित पत योजनेत सुरुवातीला हेक्टरी किमान १,१०० झाडं आणि झाडामागे एक पत असा हिशेब होता. सागरेश्वर आकड्याने वाढलं नाही, कोणीतरी दशकानुदशकं मागे लागल्याने वाढलं. आणि हेही म्हटलं पाहिजे, की दाट झाडं हा प्रत्येक उघड्या जमिनीवरचा इलाज नाही. सड्यावर किंवा माळावर हेक्टरी अकराशे खड्डे काढणं म्हणजे तिथलं जे आहे ते उखडणं.

माळ बघायचा तर जतला जावं. वाटेत कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या पठारावर चक्क्यांची रांग लागते, मग जमीन सपाट होत जाते, बाभळी विरळ होतात, आणि गवत गुडघ्याच्या खालीच राहतं. लांडगा, खोकड आणि धाविक यांचा हा मुलूख, आणि धनगरांचा. उंच पायांची, पांढऱ्यावर तांबूस ठिपके असलेली माडग्याळ मेंढी याच तालुक्यातल्या गावाचं नाव लावते. या भागाला म्हैसाळ योजनेचं पाणी हवं आहे, आणि ते टप्प्याटप्प्याने उपसून आणायचं तर वीज लागते. बिलाचा ८१ टक्के वाटा सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असं ठरलं तरी ओझं राहिलंच, म्हणून केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेच्या कर्जातून योजना सौरऊर्जेवर नेण्याचं ठरलं. हा पैसा जागेशी जोडलेला आहे असं मी म्हणेन. पंप स्वस्तात चालले तर जतच्या शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचण्याची शक्यता वाढते. आटपाडीत १९९३ पासून जी पाणी परिषद भरते, तिने समन्यायी वाटपाचा आग्रह धरला आहे. तो पाळला गेला तरच या विजेला अर्थ आहे, नाहीतर सूर्याच्या विजेवर ऊस पिकेल.

शेतीला दिवसा सौरवीज देऊ पाहणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे मात्र अधिक बारकाईने बघायला हवं. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, रात्री पाणी पाजताना साप चावून माणसं जातात, तेव्हा योजनेची गरज वादातीत आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, त्यात दरसाल ३ टक्के वाढ, आणि सरकारी जमीन, गायरानं यांवरही पॅनेल. गायरान हा शब्दच सांगतो की जमीन कशासाठी होती. खासगी जमिनीचा मालक भाडं घेतो. गायरानावर चारणाऱ्या धनगराचं नाव सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे त्याला मिळायला भाडंच नाही. ग्रामपंचायतीला तीन वर्षं मिळणारे दरसाल ५ लाख गटारीत जातील की चाऱ्यात, हे त्याच्या हाती नाही. पॅनेल जरा उंच बसवली, रांगांत अंतर ठेवलं, कुंपणाला मेंढरांची वाट सोडली, तर खाली गवत येतं आणि ते कापायचा कंपनीचा खर्चही वाचतो. हे तंत्र जगात इतरत्र चालतं, मेंढ्या चरतात आणि वीजही होते. आणि जिथे छप्पर आहे तिथे जमीन लागतच नाही. पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं ते कुठला सडा किंवा माळ न घेता.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. बंधारे, समित्या, छपरं यांनी देशाची वीज भागत नाही. केंद्राने २०२३ च्या सुरुवातीला दोनदा मिळून १६,००० कोटींचे हरित रोखे काढले, पाटणमध्ये तारळीला १,५०० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित आहे, त्याला डोंगरावर एक आणि खाली एक असे दोन जलाशय लागतील. एवढं भांडवल वेळूच्या ग्रामसभेतून येणार नाही. नाहीच येणार. पण परतावा जागेशी बांधायला भांडवल गावातलंच हवं असं नाही, करार तसा हवा. अशा कराराची संधी वनकुसवडे आणि चाळकेवाडीवर आत्ता आलेली आहे. सुरुवातीच्या अनेक चक्क्या ३५० किलोवॅटच्या आहेत आणि त्यांचं आयुष्य संपत आलं आहे. जुन्या चक्क्या काढून मोठ्या बसवण्याचं केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये सुधारलं गेलं. आजची ३ मेगावॅटची एक चक्की तशा आठ-नऊ जुन्यांचं काम करते. म्हणजे आठ चौथरे, आठ जोडरस्ते मोकळे होऊ शकतात. काँक्रीट फोडून उचलायचं, मुरूम खरवडायचा, पाण्याच्या डबक्यांना पूर्वीचा उतार द्यायचा, गुरांना पुन्हा येऊ द्यायचं, आणि दर उन्हाळ्यात तिसा व कापशी किती दिसले ते मोजून त्या आकड्यावर कंपनीच्या विजेचा दर काही पैशांनी वर-खाली करायचा. मोजणीला फार यंत्रं लागत नाहीत, दुर्बीण, वही आणि ठोसेघर-चाळकेवाडीची चार पोरं पुरतात. जुने मनोरे उतरवण्याच्या निविदेत या अटी आज घालता येतात. नवा पाया ओतल्यावर पुढची पंचवीस वर्षं त्या घालता येणार नाहीत.